दवाखाना मास्तर

मामंजी स्वतःच्या घरात शिरतानाही आधी कडी वाजवायचे. दार सताड उघडं असलं तरी. कडी वाजली की आत आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरीच्या टोपलीवर फडकं टाकायच्या, घागरीवर ताटली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "झाकलंय." मग घराचा कर्ता पुरुष घरात यायचा.

आमचं सासर-माहेर एकाच पंथातलं. पंथाचं नाव घेत नाही. त्यात भली माणसं पुष्कळ आहेत आणि मीही त्यातच वाढले. नियम मात्र कडक होते. परक्याच्या हातचं पाणी घ्यायचं नाही, चातुर्मासात बाहेरचं औषधसुद्धा नाही, आणि ज्यानं गळ्यातली माळ उतरवली त्याची सावली अन्नावर पडू द्यायची नाही. मामंजींनी माळ उतरवली होती. फर्दापूरकडच्या खेड्यातून लग्न होऊन मी औरंगाबादेत, बेगमपुऱ्यात आले, तेव्हा आईनं कानात सांगितलं होतं, "सासऱ्याला नमस्कार कर, पर लांबून."

मी कुणीतरी उग्र माणूस मनात धरून आले होते. पाहिला तो काळ्या टोपीतला, किडकिडीत, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. निजामाच्या राज्यात त्यांनी उर्दूतून गणित शिकवलं आणि पोलीस ॲक्शननंतर मराठीतून. मला एकदा म्हणाले, "सूनबाई, माझा हिसाब अजून उर्दूतच चालतो. रडू तेवढं मराठीत येतं." मी हसले. तेही हसले, पण लगेच आतल्या दाराकडे बघून गप्प झाले.

ते बाहेरच्या खोलीत राहायचे. नवरा-बायकोचं बोलणं व्हायचं, पण भिंतीशी. आत्याबाई भिंतीकडं बघून म्हणायच्या, "कुणाला कालवण लागत असंल तर हाय." मामंजी समोरच्या भिंतीला सांगायचे, "कुणाचं पोट भरलंय." ताट उंबऱ्यावर ठेवलं जायचं, तेच उचलायचे, तेच घासायचे. पहिल्या वर्षी मला हा प्रकार चमत्कारिक वाटला. नंतर दिसायला लागलं की उंबऱ्यावरच्या त्या ताटात दुधावरची साय नेहमी असायची, आणि ती दुसऱ्या कुणाच्याच ताटात नसायची.

पहाटे मात्र मला त्यांची भीती वाटायची. आत आत्याबाईंचं नामस्मरण सुरू झालं की बाहेर खाटेवर बसलेल्या मामंजींचे ओठ हलायला लागत. आवाज नाही, नुसते ओठ. मग ते घाईनं तोंडात लवंग टाकत आणि दातांखाली करकचून धरत. मी पाहिलंय हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा म्हणाले, "सोडलं म्हंजी सुटतं, असं नसतंय पोरी. मी त्याला सोडलं. त्यानं मला कुठं सोडलंय?"

गल्लीत त्यांना दवाखाना मास्तर म्हणत. कुणाचंही लेकरू तापानं फणफणलं की आई आधी यांच्याकडं धावत यायची. "मास्तरसाब, बच्ची तप रही है," एवढं ऐकलं की ते ताटावरून उठत, लेकराला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून सरकारी दवाखाना गाठत. नुसती खोकल्याची ढास ऐकली तरी बोलावणं नसताना त्या दारात जाऊन उभे राहत. एका बाईनं वैतागून म्हटलंही होतं, "कुछ नहीं हुआ जी, ठसका लगा है." तरी ते तिथंच उभे.

कारण मला माझ्या नवऱ्यानं सांगितलं. ह्यांना एक धाकटी बहीण होती, शकू, मामंजींची लाडकी लेक. पोलीस ॲक्शननंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तिला मुदतीचा ताप, टायफॉइड, आला. चातुर्मास चालू होता. गुरूंनी सांगितलं, नेम मोडू नका, अंगारा लावा, उतरेल. मामंजी तेव्हा पंथात सगळ्यांत पुढे असणारे. त्यांनी नेम मोडला नाही. शकू गेली. तेराव्याला त्यांनी माळ काढून गुरूंच्या पुढ्यात ठेवली. आत्याबाईंनी आपली माळ घट्ट धरली. पोर एकच गेली होती. आईबाप मात्र तिच्या मढ्यापासून दोन दिशांना चालू लागले.

माझी मुलगी दोन वर्षांची झाली त्या श्रावणात तापली. अंगारा लावला. दिवसांमागून दिवस गेले, ताप हटेना. मामंजी रोज उंबऱ्याशी येऊन भिंतीला सांगायचे, "कुणाला दवाखान्यात न्यायचं असंल तर सायकल हाय," आणि आत्याबाई आतून भिंतीला म्हणायच्या, "चातुर्मास हाय." एका दुपारी तिनं डोळे फिरवले. हे कामावर होते. मी रडत आत्याबाईंकडं बघत होते. त्या उठल्या, मुलीला माझ्या मांडीवरून उचललं आणि उंबरा ओलांडून बाहेरच्या खोलीत गेल्या. मुलगी मामंजींच्या हातांत दिली तेव्हा त्यांचे हात एकमेकांना लागले. त्या भिंतीशी बोलल्या नाहीत.

"न्या हिला," त्या म्हणाल्या. "पळा."

तोच मुदतीचा ताप निघाला, पण मुलगी वाचली. तिला घरी आणलं त्या संध्याकाळी ती खाटेवर बसून बिस्किट चोखत होती. आत्याबाई तिच्याकडं बघत उंबऱ्यातच बसल्या. रडल्या नाहीत. फार हळू म्हणाल्या, "एवढंच करायचं होतं व्हय? सुया टोचायच्या, गोळ्या द्यायच्या... एवढंच?"

हा प्रश्न माझ्या मुलीबद्दल नव्हता.

मामंजी आत्याबाईंकडं तोंड करून म्हणाले, "तवा हे औषध निघालंच नव्हतं. ह्या गोळ्या मागून आल्या. शकूला नेलं असतं तरी ती गेलीच असती. तू मनाला लावून घेऊ नको."

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला आणि मग त्या रडल्या. इतक्या वर्षांचं रडल्या.

दुसऱ्या दिवशी मी पाणी द्यायला गेले तेव्हा विचारलं, "मामंजी, खरंच नव्हतं औषध?"

"मला काय मालूम?" ते म्हणाले. "मी कवाच कुणाला विचारलं नाय. विचारायची हिंमतच नव्हती. पर तिला झोप तर लागंल."

झोप तिला लागली, मामंजींची गेली. कारण आठवड्याभरात आत्याबाई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हातात नवी माळ होती. चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका हलका. "औषध नव्हतंच म्हणता, मग गुरूंचं काय चुकलं? तुमचा राग कशावर हाय आता? या ना परत."

मामंजींनी माळेकडं पाहिलं. त्यांचे ओठ हलले. खरं बोलावं तर आत्याबाईंना पुन्हा त्या तापलेल्या शकूजवळ नेऊन बसवावं लागलं असतं. त्यांनी नुसती मान हलवली. आत्याबाईंना तो हेका वाटला. त्या आत गेल्या आणि घागरीवर ताटली ठेवल्याचा आवाज आला.

त्यानंतर तिसऱ्या वर्षी मामंजी गेले. पंथातलं कुणी आलं नाही. गल्लीतल्या पोरांनी खांदा दिला. त्यांतली कितीतरी त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून दवाखान्यात गेलेली. आत्याबाई आत बसून राहिल्या, जप थांबला नाही.

पुढं कित्येक वर्षांनी, आत्याबाई अंथरुणाला खिळल्यावर, एकदा मी त्यांचे केस विंचरत होते. त्या म्हणाल्या, "हट्टी होते. पर माझ्याशी खोटं कधी बोलले नाहीत. औषध नव्हतंच, नाय का?"

माझी मुलगी तेव्हा डॉक्टरकी शिकत होती, शेजारीच पुस्तक घेऊन बसलेली. तिनं मान वर केली. मी तिच्याकडं पाहिलं आणि फणी फिरवत राहिले.

"नव्हतंच, आत्याबाई," मी म्हणाले.