आईची न झालेली कवळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही. देवापुढे उभा राहिलो तरी एवढा भाग सोडून पुढे जातो — त्याला ठाऊक असेलच, असं म्हणून. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या आईला पाहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांच्यासमोर हे माझ्या तोंडातून निघणार नाही.

गावात मला चोख माणूस म्हणतात. बोर्डीच्या अलीकडे आमची चिकूची वाडी आहे. करंड्या भरून स्टेशनावर जातात, तिथून मुंबईला. करंडीच्या चिठ्ठीवर जे वजन, तेच आत. वर मोठे आणि तळाला बारीक, असं आमच्याकडे होत नाही. देवळाचा हिशेब असो की कुणाच्या वाटणीचा, लोक माझ्याकडे आणून टाकतात. मापात पाप नाही — हे माझ्याबद्दल इतक्यांदा बोललं गेलंय की मीही ते धरून चालायचो. आणि वजनापुरतं ते खरंच आहे. पण माणूस काय फक्त काट्यावरच खोटं बोलतो?

हा चोखपणासुद्धा माझा नव्हे, आईचा. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. वाडी तिनं सांभाळली. मांडवात बायका चिकू धुवायच्या, निवडायच्या, आणि ती पाटावर बसून बघायची. दलाल आला की म्हणायची, "शेठ, काटा सरळ धरा, नाहीतर मी धरते." मी मोठा झालो, लग्न झालं, मुलं झाली, तरी मांडवात शब्द तिचाच. "दामू, ती करंडी उपस. खाली कच्चे गेलेत." — बायकांसमोर, दलालासमोर. आणि उपसली की कच्चे निघायचेच. ती एकदा तरी चुकावी असं मला वाटायचं. मनापासून वाटायचं.

पन्नाशी उलटली आणि तिचे दात हलायला लागले. हिरड्यांतून पू यायचा, रात्रभर कण्हायची. डहाणू रोडला दातांचे एक डॉक्टर होते, गुजराती बोलणारे. त्यांनी तीन-चार खेपांत सगळे दात काढले. ठणका गेला. पण बोलणंही गेलं म्हणा ना. 'शेठ' म्हणायला जायची आणि नुसती हवा निघायची. एकदा ती अशीच काट्यावरून दलालाला बोलायला लागली, तर तो हसत म्हणाला, "माजी, पहेलां दांत नंखावो, पछी बोलो!" — आधी दात बसवून घ्या, मग बोला. निवडणाऱ्या बायका खुदखुदल्या. मी — मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी ती मांडवात आली नाही. तिसऱ्याही. मग आलीच नाही.

आणि मला — कसं लिहू — बरं वाटलं. माणसं तीच, काटा तोच, फक्त पाठीमागून येणारा तो आवाज नव्हता. पहिल्यांदा दलाल माझ्याकडे बघून बोलायला लागला. आपण वाडीचे मालक आहोत हे मला त्या दिवसांत कळलं. ते सुख होतं. ते सुख नव्हतं असं मी आज म्हणणार नाही.

काही महिन्यांनी तिनंच विषय काढला. "ते कवळीचं बघायचं का रे?" नाही कसं म्हणणार? गेलो. डॉक्टरांनी हिरड्या दाबून बघितल्या. म्हणाले, "माजी, मस्त बसशे. पापड खाल, पापड!" ती पदर तोंडाशी धरून हसली. लहान मुलीसारखी हसली. मग ती बाहेर बाकावर जाऊन बसली आणि डॉक्टरांनी मला नमुने दाखवले. मेणात बसवलेल्या दातांच्या ओळी — लहान, मोठे, पांढरे, जरा पिवळट — प्रत्येक ओळीला नंबर. मला आकड्यांची सवय. मी विचारलं, हे येतात कुठून? त्यांनी नीट सांगितलं. कारखान्यात होतात, कपबशी होते तशा चिनी मातीचे, बोटीनं येतात. म्हणजे मला माहीत होतं. हे स्वच्छ लिहून ठेवतो — मला माहीत होतं.

परत येताना बसमध्ये तिनं विचारलं, "दामू, ते दात असतात कुणाचे?"

आमच्याकडे तेव्हा म्हाताऱ्या बायका म्हणायच्या की कवळीतले दात मढ्यांचे असतात. तेच तिच्या मनात होतं. मी काय सांगायचं होतं? कारखान्यातले. एक शब्द. तो जिभेवर आला होता. पण त्याच वेळी मला मांडव दिसला — आणि पाटावर बसलेली ती, दातांसकट.

मी म्हणालो, "जिवंत माणूस कशाला देईल काढून?"

तिनं जिभेनं हिरड्या चाचपल्या. मग म्हणाली, "म्हणजे तोंडात रोजचं सुतक की रे. मग नैवेद्य कसा रांधू? तुझ्या बापाच्या तिथीला हात कसा लावू? नको रे बाबा."

"तुझी मर्जी," मी म्हणालो.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो की मी खोटं बोललो नाही. मी फक्त एक प्रश्न विचारला. चोख माणूस ना मी! शब्द मोजून वापरले होते. करंडीत वर मोठे चिकू मांडणारा दलालही हेच म्हणतो — मी कुठे म्हणालो खाली तसेच आहेत म्हणून?

गावानं मला नावाजलं, हेही सांगायला हवं. मुलगा डॉक्टरकडे घेऊन गेला, म्हातारीच नको म्हणाली. शेजारणी आपल्या मुलांना माझा दाखला द्यायच्या. मी मान खाली घालून ऐकायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

ती पेज प्यायची, भाकरी चहात भिजवून गिळायची, आणि चिकू खायची. "चिकूला दात लागत नाहीत, म्हणून देवानं मला या घरात दिली," म्हणायची. खरं तर चिकूचा तिला कधीचा वीट आला होता. भाजलेला सुका बोंबील तिचा जीव की प्राण. सून ताटात वाढायची. ती तुकडा तोंडात धरून चोखायची आणि चोथा ताटाच्या कडेला ठेवायची. मी समोर बसून जेवायचो. चावून.

मग मणीबाय. घोलवडची, आईची लहानपणापासूनची मैत्रीण. तिनं कवळी बसवली आणि दाखवायला आमच्या ओटीवर आली. "बघ गं, नवरी दिसते की नाही?" आई उठून दूर सरकली. मणीबायनं आणलेला शिरा तसाच ठेवला. मणीबाय म्हणाली, "अगं वेडे, हे मढ्याबिढ्याचे नाहीत. विलायती आहेत. डॉक्टरनं सांगितलं."

"डॉक्टर विकायला बसलाय, तो काहीही सांगेल," आई म्हणाली. "माझ्या दामूनं सांगितलंय मला. तो खोटं बोलत नाही."

मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो. मणीबायनं माझ्याकडे बघितलं. मला काय करता आलं असतं? सगळं करता आलं असतं. मी चपला घातल्या आणि वाडीत गेलो. मणीबाय नंतर आमच्याकडे आली नाही. आईनं तिच्या नातीच्या लग्नालाही जायचं टाळलं.

गेल्या वर्षी आई फार वाळली. पेजही जाईना. एके दिवशी स्वतःच म्हणाली, "दामू, मी आता त्यांच्यातच जायची. मढ्याचे तर मढ्याचे. रांधायचं तर सूनच बघते. एकदा भाकरी चावून खाऊ दे." तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. मनात म्हटलं, आता कवळी होईलच. मग सांगायची गरजच काय?

तेच डॉक्टर, म्हातारे झालेले. त्यांनी तिच्या तोंडात बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. म्हणाले, इतकी वर्षं दाताविना गेली की जबड्याचं हाड झिजतं. आता काही उरलं नाही. "कवळी बसवू कशावर?" मग माझ्याकडे वळले. "तेव्हा मी सांगितलेलं ने? तेव्हा का नाही केली?"

मी खिशातला रुमाल शोधत राहिलो.

आईच बोलली. "त्याला नका बोलू, डॉक्टर. त्यानं आणलं होतं. मीच नको म्हटलं — मढ्यांचे दात म्हणून."

"मढ्यांचे?" डॉक्टर हसलेच. "कारखान्यातले, माजी! तुमच्या मुलाला मी सगळे दाखवलेले, एकेक ओळ. तुम्हाला असं सांगितलं कोणी?"

खोली एवढीशी. मी तिच्या शेजारीच उभा होतो. तिनं माझ्याकडे मान वळवली नाही. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बायका बोलतात, गावातल्या."

बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. पुढे काही महिने होती ती — उठून बसायची, नातवंडांशी बोलायची, माझ्याशीही बोलायची, पूर्वीसारखंच. तिनं मला कधी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.