ड्रायर चालू ठेवून घेतलेली मुलाखत

फॉर्मवर सही मागायची मला लाज वाटायची. समोरच्या बाईनं आल्या आल्या चहा टाकलेला, डब्यातून शंकरपाळी काढलेली, आणि आपण चार पानांचं संमतीपत्र पुढे सरकवायचं, इथे सही करा म्हणायचं. मी जप्तीचे कागद घेऊन आल्यासारख्या त्या सगळ्या माझ्याकडे बघायच्या. मग "तुझ्यासाठी म्हणून करते हो" म्हणत न वाचता सही करायच्या.

नऊ वर्षं ऑकलंडच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासल्यावर, चाळिशी ओलांडून मी इतिहास आणि मानवशास्त्र घेऊन मास्टर्सला नाव घातलं होतं. विषय होता, न्यूझीलंडमध्ये मुलांकडे सहा-सहा महिने राहायला येणारे महाराष्ट्रातले आईवडील. नवरा म्हणाला, "म्हणजे सासवांच्या कागाळ्या ऐकायच्या, आणि वर त्याची डिग्री?" मुलगी फोनमधून डोकं न काढता "स्वीट ॲज, मम" म्हणाली, म्हणजे इथल्या पोरांचं "झकास". आमच्या मार्गदर्शक बाई मात्र हसल्या नाहीत. पहिल्याच भेटीत त्यांनी बजावलं, "सांगू नये तेही लोक तुला सांगतील. कुठे थांबायचं ते त्यांना कळणार नाही, तुला कळायला हवं." मी ते वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलं की समजलं, अशी माझी शाळेपासूनची समजूत.

मावशी मला भेटल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात. इथे संक्रांत भर उन्हाळ्यात येते, सगळ्या बायका काठापदराच्या साड्यांत घामाघूम झालेल्या. मावशी कऱ्हाडच्या शाळेत तीस वर्षं शिक्षिका होत्या. यजमान गेल्यावर मुलानं त्यांना इथे ऑकलंडात, हिल्सबरोला आणलं होतं, ही त्यांची तिसरी खेप. मी अभ्यासाबद्दल सांगितलं तर म्हणाल्या, "मंगळवारी ये. सगळे अकराच्या आत बाहेर पडलेले असतात."

मंगळवारी गेले. दारावर कॅमेरा होता, तसा तो अर्ध्या ऑकलंडात असतो. मी दिवाणखान्यात बसणार तेवढ्यात मावशींनी माझा दंड धरला. "इथे नको. टीव्हीपाशी दुसरा आहे. त्यात आवाजही येतो म्हणे." त्यांनी मला लाँड्रीत, म्हणजे कपडे धुण्याच्या खोलीत नेलं, तिथे दोन खुर्च्या आधीच मांडून ठेवल्या होत्या. दार लावलं आणि कोरडेच टॉवेल घालून ड्रायर चालू केला.

मला भीती वाटायला हवी होती. मला झाला आनंद! कसला तपशील मिळाला, पहिलं प्रकरण इथूनच सुरू करायचं, असं मी मनात ठरवूनसुद्धा टाकलं. आज ते आठवलं की स्वतःचीच किळस येते.

मावशी तासभर बोलल्या, वर्गात शिकवतात तशा, वाक्य पुरं करत. मुलगा चांगला आहे, सून वाईट नाही. जेवणखाण, औषधपाणी, कशाची ददात नाही. पण मुलानं त्यांच्या कायमच्या मुक्कामासाठी अर्ज केला होता आणि तो भरल्यावर त्यांना सांगितलं होतं. त्यांना इथे राहायचं नव्हतं. कऱ्हाडला धाकट्या बहिणीच्या घरी मागची खोली होती, तिच्याशी बोलणं झालं होतं. "दिवाळीच्या आधी जाणार आणि परत येणार नाही. त्याला अजून बोलले नाही. त्याच्यासमोर बसलं ना, की माझं मलाच पटेनासं होतं. तो इतकं प्रेमानं बोलतो. म्हणून आधी तुला सांगतेय. एकदा मोठ्यानं बोलून बघायचं होतं."

निघताना फॉर्म भरला. त्यात ईमेलचा रकाना होता, कारण मुलाखत उतरवून काढली की ती तपासायला त्या माणसाला पाठवावी लागते. मावशींनी सुवाच्य अक्षरात पत्ता लिहिला. त्यात मुलाचं नाव होतं. "माझं सगळं त्याच्याच मेलवर येतं. बँकेचं, डॉक्टरचं, पासपोर्टचं."

मी बघितलं आणि मला काहीही खटकलं नाही. पुण्यात माझ्या वडिलांचा मेल माझा भाऊच उघडतो. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांचा पत्ता म्हणजे मुलाचा पत्ता, यात विचारायचं काय? तीन आठवड्यांनी मी चौदा पानं, मावशींचे उसासेसुद्धा कंसात टिपून, त्या पत्त्यावर पाठवून दिली. बटण दाबताना मला माझ्या कामाचा अभिमान वाटला.

आठ दिवस काही आलं नाही. मावशींना फोन लावला तर तो वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्या दिवशी मार्गदर्शक बाईंनी सहज विचारलं, तिनं वाचलं का? मी म्हटलं, मुलाच्या मेलवर पाठवलंय. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "तू तिच्या मुलाला पाठवलंस?" "नाही, तिलाच. तो तिचाच मेल आहे," मी म्हणाले, आणि बोलता बोलता तो पत्ता मला पहिल्यांदा नीट दिसला.

संध्याकाळी मुलाचा फोन. आवाज अगदी मऊ. "ताई, आईचं ट्रान्सक्रिप्ट वाचलं आम्ही. हेवी होतं जरा. शनिवारी चहाला या ना. आईपण वाट बघतेय तुमची." मी मराठी माणूस, चहाला या म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

टेबलावर पोहे, सुनेनं केलेला केक आणि मधोमध ती चौदा पानं. ठिकठिकाणी पिवळ्या हायलायटरनं रंगवलेली. मावशी मुलाच्या शेजारी बसल्या होत्या, अंगात त्याचंच फ्लीसचं जॅकेट. खिडकीतून खाली मनुकाऊ खाडीचं पाणी ओसरलेलं दिसत होतं, सगळा चिखल. कुणीही आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"ताई, पोहे घ्या," तो म्हणाला. मग आईकडे वळून, "आई, हे तू म्हणालीस?"

मावशींनी चष्मा लावून आपलेच शब्द वाचले. "नाही रे. मी असं कशाला म्हणेन? हिनं आपल्या मनानं घातलं असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हो, माझीच चूक. दुसऱ्या एका मावशींचं बोलणं यात मिसळलं."

"मग रेकॉर्डिंग ऐकूया ना. दोन मिनिटांत क्लिअर होईल."

रेकॉर्डर माझ्या पर्समध्ये होता. "ते लगेच पुसावं लागतं," मी ठोकून दिलं. "युनिव्हर्सिटीला विचारलं तर तेही हेच सांगतील ना?" मी हो म्हणाले. मग त्यानं अभ्यासातून माघार घेण्याचा फॉर्म पुढे ठेवला, माझ्याच मेलमधल्या लिंकवरून छापलेला. मावशींनी सही केली, खाली तारीख घातली.

मला गाडीपर्यंत सोडायला तोच आला. त्याचे डोळे भरले होते. "आई तिकडे बाथरूममध्ये पडली, तर दार कोण फोडणार, ताई? सांगा ना. मी इथे झोपू कसा?" माझे वडीलही पुण्यात असतात, आणि मीही तशी झोपत नाही.

त्याच दिवशी मी रेकॉर्डिंग पुसलं. रेकॉर्डरवरून, लॅपटॉपवरून, जिथे जिथे प्रत होती तिथून. वहीतली पानंही श्रेडरमध्ये घातली. कुणी माघार घेतली की सगळं नष्ट करायचं, असा नियमच आहे. पण मी काही नियमासाठी पुसलं नाही. तक्रार झाली, कुणी ऐकलं, तर माझं खोटं उघडं पडेल, डिग्री जाईल, या भीतीनं पुसलं. प्रबंध पुरा झाला, मार्क चांगले पडले. मावशी त्यात एका तळटीपेत आहेत: एका व्यक्तीनं माघार घेतली.

दिवाळी येऊन गेली, मग आणखी एक. त्यानंतरच्या हिवाळ्यात पापाटोएटोच्या भारतीय दुकानात मी भाजी निवडत होते, तर शेजारी मावशी. वाळल्या होत्या. पायात मोजे, त्यावर जँडल्स, इथल्या रबरी चपला. सून पलीकडे डाळींपाशी होती. मावशी अगदी जवळ आल्या.

"ती टेप आहे ना गं जपून?"

मी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

"त्याच्यासमोर नाही म्हणावंच लागलं. तू सांभाळून घेतलंस, शहाणी आहेस. पण आता मला नीट आठवत नाही बघ. त्या दिवशी सगळं ठरवून बोलले होते मी. तो म्हणतो, आई, तुला कधीच जायचं नव्हतं. रोज म्हणतो. मलाही वाटायला लागलंय, नसेल जायचं. एकदा ऐकव मला. माझ्या आवाजात ऐकलं तर धीर येईल."

"मावशी, मी पुसली ती."

"सगळी?"

"सगळी."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. "बरं. पण तू तर ऐकलंयस ना? मग तू सांग. काय म्हणाले होते मी?"

मला शब्दन् शब्द पाठ होता. आजही आहे. मी तोंड उघडलं, तेवढ्यात सून ट्रॉली ढकलत आली आणि हसून म्हणाली, "काय गप्पा चालल्यात?"

मावशी माझ्याच तोंडाकडे बघत होत्या.

"काही नाही," मी म्हणाले, "मेथी कशी दिली, विचारत होत्या."