कोपरापर्यंत घड्याळं

भिवा कांबळेला आमच्या लालबागच्या चाळीत सगळे अर्धवट समजायचे आणि त्यात मी पहिला. माझ्याच गिरणीत तो फिटर होता, त्याआधी गोऱ्यांच्या फौजेत शिपाई. रविवार उजाडला की स्वारी चोरबाजारात, नाहीतर माझगावच्या गोदीबाहेरच्या भंगारवाल्यांकडे. परत यायचा तो लढाईतलं एखादं घड्याळ घेऊन. काळी तबकडी, पाठीवर गोऱ्यांच्या फौजेचा सरकारी बाण कोरलेला, कापडी पट्टा. एखाद्या पट्ट्यावर रक्ताचा वाळका डाग असायचा. तो डाग भिवा कधी धूत नसे.

"भिवा, मेलेल्या गोऱ्यांची भुतां घरात कशाक आणतंस?" मी चिडवायचो.

एकदा तो ताडकन बोलला. "बर्मात आमच्या हातात बंदूक होती धोंडू, घड्याळ नव्हतं. ते साहेबाच्या मनगटावर. त्यानं काटा बघून हात खाली केला की आम्ही चिखलातनं धावायचं. माझ्या बाजूची पोरं तशीच फाटली, आतडी बाहेर. कोण कधी मरणार ते दुसऱ्याच्या घड्याळावर. आता घड्याळं माझ्याकडं."

रोज सकाळी तो सगळ्या घड्याळांना चावी द्यायचा. मी एकदा सहज हात लावला, तर फाडकन बोटांवर फटका बसला. त्याचं सर्वांत लाडकं होतं पक्क्या दांड्यांचं, पट्टा ज्यात ओवतात त्या दांड्या घड्याळालाच डाख लावून जोडलेल्या. "माणूस तुटेल, ही दांडी निघणार नाही," असं कौतुकानं सांगायचा.

छप्पन सालच्या जानेवारीत, मुंबई महाराष्ट्राला देणार नाही असं सरकारनं म्हटल्यावर गिरणगाव रस्त्यावर उतरलं. दगड, सोड्याच्या बाटल्या, अश्रुधूर, मग गोळ्या. बंदूकवाले पोलीस चाळींत घुसून दारं फोडू लागले. खोलीतनं नेतील म्हणून भिवानं सगळी घड्याळं दोन्ही हातांवर चढवली, पार कोपरापर्यंत, आणि वरून लांब बाह्यांचा सदरा घातला.

"आज बाही वर करायची न्हाई, मेलो तरी," तो म्हणाला. "दिसली तर लुटीचा माल म्हणून झोडतील."

दुपारी नाक्यावर पडलेल्या जखमींना उचलायला आम्ही दोघं धावलो. माझ्या पुढचा माणूस कवटी फुटून पडला. पुढची गोळी माझ्या दंडात घुसली आणि नळ फुटावा तसं रक्त उडू लागलं. मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि आईला हाका मारू लागलो. लाज कसली त्यात!

भिवानं रुमाल बांधला. तो भिजला आणि घसरला. बंदूकवाले गल्लीच्या तोंडाशी उभे होते. भिवानं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, एक सणसणीत शिवी हासडली आणि बाही वर केली.

पक्क्या दांडीचं घड्याळ त्यानं माझ्या दंडाच्या शिरेवर दाबलं आणि पट्टा दातांनी आवळला. गिरणीनं माझ्या दंडाची काठी केली होती, म्हणून तो पट्टा पुरला. मी किंचाळलो, पण दांडी हलली नाही. रक्त थांबलं. तोवर बंदूकवाले धावत आले.

"लूट का माल! दुकान लूटा साले ने!"

"मेरा है! मेरा!" भिवा ओरडला.

त्यांनी त्याचे हात फुटपाथच्या दगडावर दाबून धरले आणि बंदुकीच्या दस्त्यानं एकेक घड्याळ फोडलं. आधी काच फुटल्याचा आवाज यायचा, मग हाड. भिवा आधी शिव्या देत होता, नंतर नुसता घुसमटल्यासारखा आवाज येऊ लागला. मला मेलेला समजून त्यांनी सोडलं. त्या हरामखोरांना मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

माझा हात वाचला. भिवाची बोटं वाकडी ती वाकडीच राहिली, गिरणीतलं कामही गेलं. घड्याळ परत दिलं तेव्हा पट्ट्यावर माझं रक्त वाळलं होतं. धुऊन आणू का विचारलं, तर त्यानं डोळे वटारले.

तेव्हापासून पाळीवर जाण्याआधी मी रोज त्याच्या खोलीत जातो. तो मनगटानं घड्याळ माझ्यापुढे सरकवतो. मी चावी देतो आणि तो माझ्या बोटांकडे बघत बसतो.

साठ साली मुंबई मिळाली, त्या सकाळी चाळीत फटाके वाजत होते आणि मी गुलालात न्हालो होतो. इतक्यात वरच्या गॅलरीतून भिवाची हाक आली.

"धोंडू! चावी राहिली रे!"