ब्लँक मॅडम

आमच्या मॅडमसमोर कुणी म्हणालं, "या काढ्याने माझा खोकला तीन दिवसांत गेला," की त्या लगेच विचारायच्या, "आणि काढा न घेता कितव्या दिवशी गेला असता?" स्टाफरूममध्ये त्यांच्यासमोर घरगुती उपाय सांगायची कुणाची छाती नव्हती. प्रयोगशाळेतले शिपाई सोनवणेमामा एकदा नवस फेडून आले, पेढा पुढे केला, तर त्यांनाही हाच प्रश्न. मामांनी पेढा मुकाट्याने डब्यात परत ठेवला. मॅडमनी तो मागून घेऊन खाल्ला, हेही सांगायला हवं.

रसायनशास्त्रात याला ब्लँक म्हणतात. चिमूटभर पावडर टाकल्याने एखादी अभिक्रिया घडली असं वाटत असेल, तर तीच अभिक्रिया पावडर न टाकता करून बघायची. तरीही घडली तर पावडरीचं कौतुक बंद. मॅडमची सगळी हयात असल्या पावडरींवर, म्हणजे उत्प्रेरकांवर गेली. त्यामुळे 'ब्लँक केलास का?' हा प्रश्न त्यांच्या तोंडात इतका बसला होता की पोरांनी त्यांचं नावच ब्लँक मॅडम ठेवलं. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा जिन्यात कुणीतरी कुजबुजलं, "ब्लँक मॅडम आल्या", तर वरून आवाज आला, "आल्या, आणि वही बघणार आहेत."

मी त्यांचा पीएच.डी.चा विद्यार्थी. सटाण्याचा, कांदेवाल्याचा मुलगा, डोक्याने बरा आणि स्वभावाने तापट. पहिल्या आठवड्यात मी एक पदार्थ बनवून मोठ्या ऐटीत बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी बाटलीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "बनवलं किती ते नंतर सांग अहिरे, फेकलं किती ते आधी सांग." मी मोरीत काय काय ओतलं होतं याचा हिशोबच ठेवला नव्हता. दुसऱ्या दिवशी मोरीशेजारी तराजू आला. माझ्या नाकाला चांगल्याच मिरच्या झोंबल्या, पण महिनाभरात मी स्वतःच नव्या मुलांवर डाफरू लागलो. शाश्वत रसायनशास्त्र वगैरे मोठे शब्द मॅडम भाषणात वापरायच्या. प्रयोगशाळेत त्यांचा धर्म एवढाच, की कमी ओता, कमी तापवा, कमी फेका.

त्या निफाडच्या, द्राक्षवाल्यांच्या घरातल्या. शिक्षण नाशिकला, पीएच.डी. पुण्याला, नंतर दोन वर्षं परदेशात. तिथल्या त्यांच्या प्रोफेसरने म्हणे विचारलं, गावाकडे जाऊन संशोधन कशावर करणार? मॅडमनी सांगितलं, "कचऱ्यावर. तो आमच्याकडे भरपूर आहे." आणि खरंच त्या परत आल्या. नाशिकच्या कॉलेजने त्यांना प्रयोगशाळा म्हणून फुटक्या बाकांची अडगळीची खोली दिली. ती त्यांनी आणि सोनवणेमामांनी दोन सुट्ट्यांत धुऊन, रंगवून उभी केली. मी गेलो तेव्हा तिथे शंभर रुपयांचं उपकरणही त्यांनी चिंधीने पुसून ठेवलेलं असायचं. मला आजही कुणी विचारलं की तुम्ही कुठल्या लॅबमधून आलात, तर मी छाती काढून त्या अडगळीच्या खोलीचं नाव सांगतो.

शिक्षकदिनाला एका विद्यार्थ्याने भाषणात म्हटलं, मॅडम उत्प्रेरकासारख्या आहेत, स्वतः न बदलता आम्हाला घडवतात. टाळ्या झाल्या. मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, उत्प्रेरक बदलत नाही हे पुस्तकात. प्रत्यक्षात तो थकतो, त्याला विष बाधतं, आणि निम्मा तर गाळणीच्या कागदाला चिकटून वाया जातो. पोराचा चेहरा पडला. मग म्हणाल्या, भाषण मात्र छान होतं.

माझा विषयही कचराच होता. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत काड्यांचे ढीग पडतात आणि शेतकरी ते बांधावर पेटवून देतात. त्या काड्यांची राख उत्प्रेरक म्हणून वापरायची, ही मॅडमची कल्पना. मी निफाडहून काड्यांच्या गोणी एसटीने आणायचो. कंडक्टर विचारायचा, जळण नेतोय का? मी म्हणायचो, डिग्री नेतोय. राखेने कमाल केली. औषधं आणि सुगंधी द्रव्यं बनवताना लागणारा एक पदार्थ नुसत्या राखेने, पाण्यात आणि हवेतल्या ऑक्सिजनवर तयार होऊ लागला. महागडा धातू नको, विषारी द्रावण नको. अर्थात ब्लँक केला होता. राख न टाकता काहीच घडत नव्हतं. आमचा पेपर एका नामांकित नियतकालिकात आला. 'धातूविरहित' हा शब्द आम्ही शीर्षकातच घातला होता. त्या पेपरवर माझी डिग्री उभी होती, मॅडमचं प्रोफेसरपदाचं प्रमोशन उभं होतं, आणि नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीने मला सांगून ठेवलं होतं, डिग्री घेऊन या, जागा ठेवतो. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सटाण्यात निम्म्या गल्लीला डॉक्टर मुलाची बातमी आधीच दिली होती.

प्रबंधासाठी थोडे प्रयोग पुन्हा करायचे होते आणि काड्या संपल्या. निफाडला जायचा मला कंटाळा आला. पंचवटीत मी राहायचो तिथे घरमालकिणीच्या अंगणात सावलीसाठी चढवलेला द्राक्षाचा वेल होता. त्याच्याच काड्या तोडल्या आणि जाळल्या. अभिक्रिया झाली नाही. पुन्हा केली, नाही झाली. एक महिनाभर नाही. मॅडमनी मला भरपूर झापलं. भांडी नीट धुतली नसतील, तापमान बघितलं नसेल, लग्नाचे विचार चालले असतील. मी रडकुंडीला आलो. शेवटी एका दुपारी चिडून म्हणालो, मी सगळं तेच केलंय, फक्त काड्या घरमालकिणीच्या वेलाच्या आहेत, आणि त्या बाईने जन्मात त्या वेलावर फवारा मारलेला नाही.

"फवाराच नाही?" मॅडमनी विचारलं. मग त्यांनी निफाडच्या काड्यांची जुनी राख काढली, आम्लात विरघळवली, गाळली आणि त्यात अमोनिया ओतला. अकरावीची मुलं करतात तीच परीक्षा. नळीतलं पाणी गर्द निळं झालं. तांबं. द्राक्षबागेवर वर्षानुवर्षं बोर्डो मारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. ते तांबं सालीत मुरलेलं होतं आणि सगळं काम तेच करत होतं. आमची धातूविरहित राख धातूनेच चालत होती. राखेत काय आहे हे तपासताना आम्ही पोटॅशियम शोधलं, कॅल्शियम शोधलं. तांब्याचा विचारही मनात आला नाही.

मॅडमनी ती नळी खिडकीच्या उजेडात धरली. म्हणाल्या, "माझ्या वडिलांच्या सदऱ्यावर हा रंग असायचा. सगळ्या जगाला ब्लँक विचारत फिरले, आणि बोर्डोचा ब्लँक करायचं मलाच सुचलं नाही." मग माझ्याकडे वळून त्यांनी महिनाभर झापल्याबद्दल माफी मागितली.

संध्याकाळी त्या पेपर मागे घ्यायचं पत्र लिहायला बसल्या आणि माझं डोकं फिरलं. मी नको नको ते बोललो. म्हणालो, तुमचं काय जातंय, नोकरी पक्की आहे. पदार्थ तर तयार होतोय ना? कुणाला कळणार आहे? त्यांनी लिहिणं थांबवलं नाही. म्हणाल्या, "उद्या कुठल्या तरी देशात तुझ्यासारखाच एक जण न फवारलेल्या काड्या जाळेल. महिने घालवेल आणि स्वतःला ढ समजेल. त्याला तू कुठून शोधून सांगणार आहेस?" मी दार आपटून निघालो तो थेट सटाण्याला.

पुढचं सगळं चांगलंच झालं. त्या निळ्या नळीतूनच मॅडमचं खरं मोठं काम निघालं. राखेत तांबं किती, ते कुठे बसतं, पाण्यात सुटून जाऊ नये म्हणून काय करायचं, हे सगळं त्यांनी शोधलं. बांधावर जळून जाणाऱ्या काड्यांतलं तांबं कारखान्यात कामाला लागलं, आणि ते काम बघायला परदेशातले लोक त्या अडगळीच्या खोलीत येऊन गेले. मॅडम गेल्या वर्षी निवृत्त झाल्या तेव्हा सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. प्रमोशन चार वर्षं उशिरा मिळालं, याचा उल्लेख कुणी केला नाही, त्यांनीही नाही. मी अंबडला एका प्रयोगशाळेचा प्रमुख आहे. पण मॅडमचा मला सगळ्यात जास्त अभिमान कधी वाटला म्हणाल, तर सटाण्याला रुसून बसलो होतो त्या दिवसांत.

पंधरा दिवस झाले होते. रविवारी भरदुपारी दारात मॅडम. न कळवता, एसटीने, घामाघूम. मी आत पळालो आणि दाराआडून बघत राहिलो. त्या आबांसमोर ओट्यावर बसल्या आणि राख, फवारा, तांबं असं सगळं त्यांना नीट समजावून सांगितलं. मग म्हणाल्या, "तुमच्या मुलाचं काम चोख होतं. चूक माझी. त्याची डिग्री दोन वर्षं लांबेल ती माझ्यामुळे. गल्लीत कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

आबांनी विचारलं, "आणि तुमचं काय होईल?"

"प्रमोशन राहून जाईल," मॅडम म्हणाल्या आणि पाण्याचा पेला उचलला.

आबा त्यांना सोडायला स्टँडवर गेले. परत आले ते बराच वेळ कांदाचाळीपाशी कांदे निवडत बसले. मी जवळ गेलो तर मान वर न करताच म्हणाले, "चार वरीस झायात, तू तठे काय शिकस ते माले समजे ना. आज समजनं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी नाशिकला परत गेलो.