नातीची न्यांजा

न्यांजा शिकवणाऱ्या व्हिडिओत एक बाई गुडघे वाकवते, हलकेच टाळ्या वाजवते आणि मगच "मुली ब्वांजी?" म्हणजे "कशा आहात?" असं विचारते. मोबाइलसमोर मीही तसंच करते. आफ्रिकेत, झांबियातल्या लुसाकात वाढलेली माझी चार वर्षांची नात हीच भाषा बोलते आणि उद्या ती पहिल्यांदा इथे येतेय.

"आई, गुडघे सांभाळ," सराव कसा चाललाय ते सांगितल्यावर लेक फोनवरून चिडवतो.

पूर्वी धारवाडला सात वर्षं राहून मी कन्नड शिकले नाही. केवढी माझी ऐट! "त्यांनीच शिकावं मराठी," म्हणायचे. शेजारच्या अक्का काहीबाही सांगायला यायच्या, मी नुसती मान डोलवायची शहाणी. हळूहळू त्या यायच्या थांबल्या.

नात दोनदा सांगेल. तिसऱ्यांदा सांगेल का?