परातीवरचे ठसे

पौषातल्या त्या दिवसांत मी देवावर रुसले होते. इंग्लंडमधल्या एका रुग्णालयाने मला परिचारिका म्हणून निवडले होते, परीक्षा पार पडल्या होत्या. व्हिसासाठी बोटांचे ठसे देणे एवढेच उरले होते. मुंबईच्या केंद्रात यंत्राच्या थंड काचेवर मी पुन्हा पुन्हा बोटे टेकवली. "मॅडम, मशीनला काही दिसतच नाही," तिथली मुलगी ओशाळून म्हणाली. खामगावच्या शस्त्रक्रियागृहात वर्षानुवर्षे घासलेले, जंतुनाशकात धुतलेले हे हात. त्यांवरच्या रेषा केव्हा विरल्या, मला कळलेच नव्हते. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावले होते. तेव्हाही जमले नाही, तर माझी जागा दुसरीला जाणार होती.

पिंपळगाव राजा या आमच्या गावी घरी आले, तर शिवारातल्या मारुतीपाशी आमच्या भावकीचे रोडगे होते. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे आणि देवाला दाखवायचे. आईने मला ओढूनच नेले. मी लिंबाखाली अलिप्त बसले. धुराला शेणाचा आणि भाजत्या गव्हाचा गोडसर वास होता.

वडनेर भोलजीहून कुणाकडे तरी पाहुणी आलेली एक अनोळखी बाई पितळी परात घेऊन समोर येऊन बसली.

"रिकामी काऊन बसली व माय? मळ कणीक."

"मावशी, माझ्या बोटांचे ठसेच उमटत नाहीत," मी कडवटपणे म्हणाले आणि सारे सांगून टाकले.

"मंग? मले ठसे नाही पायजे, कणीक पायजे. तेल घे जास्तीचं, वाऱ्यानं सुकते ते. वाऱ्याले सांगशीन का तुह्या मशीनचं!"

भोवती कणीक मळणाऱ्या बाया खळखळून हसल्या. मीही हसले, कितीतरी दिवसांनी. मग मळतच राहिले. जाडसर पीठ तळव्यांना खरखरत होते, तेल बोटांच्या पेरांत झिरपत होते, आणि मनातले मागणे कुठे गळून पडले ते समजले नाही. जायचे की राहायचे, देवा, तू जाण, एवढेच उरले.

परात उचलताना तिच्या काठावर ऊन पडले. तेलकट पितळेवर माझी बोटे उमटली होती. एकेक रेषा वळत, वेढे घेत, नांगरलेल्या शेतासारखी स्पष्ट. मावशीला दाखवायला वळले, तर ती आराशी वाकून रोडगे फिरवत होती.

तेलाने त्वचा मऊ होते, हे परिचारिका म्हणून मी जाणते. त्या आठवड्यात रोज तेल लावत राहिले. मुंबईला काचेवर बोटे ठेवली, तेव्हा ती मुलगी उद्गारली, "अहो, आले की!" माझे डोळे भरून आले.

आज परक्या देशात, परक्या आजारी माणसांच्या उशाशी उभी असताना काही अवघड आले, की मी आधी समोरचे काम हाती घेते. बाकीचे देवाकडे सोपवते. तो पाहत असतो. त्या दुपारीही पाहत होता. रुसल्यामुळे मीच मान वळवून बसले होते.