सर्जेराव पैलवानाची पाचवी निवृत्ती

चहा थंड झाला तरी चालेल, पण आज मला बोलू द्या. माझी अशी फजिती झालीय की गावात तोंड वर करून फिरायची सोय राहिली नाही! चूक माझीच, कबूल. पण आधी दुसऱ्याची ऐका.

खर्ड्याच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या शाळेत मी एकतीस वर्षं मास्तरकी केली आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. एकदाच! माणूस किती वेळा निवृत्त होतो हो? आमचा सर्जेराव पैलवान चार वेळा झालाय!

वय बासष्ट. चाळीस वर्षं कुस्ती खेळतोय. जिंकल्या किती ते विचारू नका, लोक त्यासाठी येतच नाहीत. लोक येतात थाट बघायला. स्वारी टेम्पोच्या टपावर उभी राहून येणार. फेट्यात मोरपीस, अंगात जांभळा मखमली झगा, आणि अत्तर एवढं की आखाड्याच्या मातीला आठवडाभर वास! झगा उतरवायलाच दहा मिनिटं. तोवर हलगीवाल्यांचे हात दुखायला लागतात.

आमच्या यात्रेत कुस्त्या संपल्या की एक सत्कार असतो. एकच, आणि तोही निवृत्त माणसाचा, असा कमिटीचा नियम. दोन वर्षं मी वाट बघतोय आणि दोन्ही वर्षी हा गडी ऐन वेळी निवृत्त झाला! वर मानपत्र कुणी लिहायचं? मीच! ‘मल्लविद्येचा सूर्य मावळला’ असं चार वेळा लिहिलंय मी. हा सूर्य दर यात्रेला पुन्हा हजर.

यंदा मात्र कमिटीचे अध्यक्ष दगडूअण्णा घरी येऊन शब्द देऊन गेले. “गुरुजी, यंदा शाल तुमचीच.” मी नवा सदरा शिवला. बायको नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली. पुण्याहून मुलगी खास आली.

आणि शेवटच्या कुस्तीच्या वेळी टेम्पो आला!

सर्जेराव आखाड्यात उतरला आणि हात वर करून जोड मागत गोल फिरायला लागला. मग माईक ओढून घेतला. “मंडळी, ही माजी शेवटची कुस्ती! आज म्या निवृत्त व्हनार!”

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आज याला हाताला धरून बाहेर काढतो!

आता माझी चूक. आखाड्याच्या मातीत चपला नेत नाहीत, म्हणून मी चपला काढल्या. धुरळा उडत होता, म्हणून चष्मा अण्णांच्या हातात दिला. नवा सदरा मळायला नको म्हणून बाह्या वर केल्या. तरातरा गेलो आणि सर्जेरावचा वर केलेला हात घट्ट धरला.

सगळं गाव उभं राहिलं! हलगी कडाडली!

जोड मागत फिरणाऱ्या पैलवानाचा हात धरला की कुस्ती ठरली. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. मला नव्हतं का? होतं की! पण रागात माणसाला आठवतं काय?

“अहो, मी भांडायला आलोय!” मी ओरडलो.

“मंग भांडा की!” म्हणून त्याने माझ्या डोक्यावर मूठभर माती टाकली. माझ्या नव्या सदऱ्यावर!

मागून बायकोचा आवाज आला. “अहो, जपून! तुमची कंबर!”

सर्जेराव कानात म्हणाला, “गुरुजी, लई पब्लिक हाय. नुस्तं ढकला मला, बाकी म्या बघतो.”

मी ढकललं. अगदी मनापासून ढकललं! दोन वर्षांचा राग होता त्यात. तर हा बाबा तीन गिरक्या घेत, मोरपीस उडवत, दोन्ही खांदे मातीला लावून असा पसरला, की पंचांनी शिट्टी मारली. सर्जेराव चीतपट!

लोकांनी मला खांद्यावर घेतलं. खोटं कशाला बोलू, घटकाभर बरं वाटलं.

तेवढ्यात पडल्या जागेवरून सर्जेरावने पुन्हा माईक मागवला. “मंडळी, हरून निवृत्त व्हनारा ह्यो पैलवान न्हाई! फुडच्या यात्रेला गुरुजींशी परत कुस्ती!”

बघा लबाडी! पडणं त्याचं, टाळ्या त्याला, आणि एक वर्ष वाढवून दिलं मी!

म्हटलं, असू दे. आज तरी हा निवृत्त नाही, म्हणजे शाल माझी. माती झटकत अण्णांकडे गेलो. “अण्णा, घ्या सत्काराचं.”

अण्णांनी चष्मा माझ्या हातात दिला आणि शाल पुन्हा पिशवीत घातली. “आता कसा करायचा, गुरुजी? सत्कार निवृत्त मानसाचा असतो. तुमी तर आजच चालू झालाव!”

पुढच्या यात्रेत सर्जेरावला जिंकू द्यायचं, म्हणजे तो सुखाने निवृत्त होईल, असं घरचे समजावतात. अहो, पण मग शाल पुन्हा त्यालाच की! त्यापेक्षा मीच जिंकतो आणि तिथल्या तिथे निवृत्ती जाहीर करतो. म्हणून पंधरा दिवस झाले, रोज सकाळी दार लावून जोर काढतोय.

काल चौथ्या जोरालाच कंबर धरली. बायकोने दार उघडून उठवायला कुणाला बोलावलं माहितेय? सर्जेरावला. त्याच्या अत्तराचा वास अजून सदऱ्याला आहे.